लष्कराचे संगणक जुने का असतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात संरक्षण हा विषय फक्त पेपरात वाचायचा नसतो. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथे वायुसेनानगरात आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. प्रत्येक बॅचमध्ये कुणाचे बाबा निर्माणीत असतात, कुणाचे मामा हवाई दलातून निवृत्त झालेले असतात. त्यांच्याकडून मुलांनी काहीतरी ऐकलेलं असतं, आणि मग वर्गात प्रश्न येतात. त्यातले जे पुन्हापुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. उत्तरांसाठी उघड माहितीबाहेर जावं लागलेलं नाही.

सर, एवढं मोठं बजेट असताना जुनेच संगणक काहून वापरतात?

आधी वय कुठून मोजायचं ते ठरवू. तेजसचं उदाहरण घ्या. हलक्या लढाऊ विमानाचा कार्यक्रम १९८३ मध्ये मंजूर झाला. पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला झालं. हवाई दलाची पहिली तुकडी जुलै २०१६ मध्ये उभी राहिली. आता ते विमान पुढची काही दशकं उडणार. त्यातला संगणक कुठल्या चिपवर बसवायचा हा निर्णय चाचण्यांच्या बराच आधी घ्यावा लागतो, कारण चाचण्या त्याच चिपवर करायच्या असतात. म्हणजे विमान पहिल्यांदा तुकडीत येतं तेव्हाच आतली चिप बाजाराच्या दृष्टीने म्हातारी झालेली असते. यात कुणाचा आळस नाही, एवढा वेळ लागतोच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लष्कराला चिपचा वेग लागतो तेवढा लागतोच, पण तिचा स्वभाव पूर्ण माहीत असावा लागतो. ती कधी चुकते, तापल्यावर काय करते, वीज क्षणभर गेली तर कुठून सुरू होते, हे सगळं. दहा-पंधरा वर्षं हजारो ठिकाणी वापरल्या गेलेल्या चिपच्या चुका सापडलेल्या असतात, लिहून ठेवलेल्या असतात. कालच बाजारात आलेल्या चिपच्या चुका अजून कुणाला ठाऊक नसतात. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

अमेरिकेची अण्वस्त्रं फ्लॉपीवर चालायची, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. अण्वस्त्रदलांपर्यंत आदेश पोहोचवणारी एक संदेशयंत्रणा आयबीएमच्या सिरीज/१ या १९७० च्या दशकातल्या संगणकावर चालत होती आणि त्यात आठ इंची फ्लॉपी वापरत. आपल्या आईवडिलांनी कॉम्प्युटर क्लासला पाहिलेली फ्लॉपी साडेतीन इंचांची, ही तिच्या दुपटीहून मोठी. २०१६ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अहवालात हे मांडलं आणि जगभर बातमी झाली. २०१९ पर्यंत फ्लॉपी काढून तिथे आधुनिक मेमरी बसवली गेली.

इतकी वर्षं ती टिकली, कारण काम छोटं होतं. ठरावीक साच्यातले छोटे संदेश पाठवायचे, एवढंच. बाहेरच्या इंटरनेटशी संबंध नाही. पण त्याच अहवालात सुटे भाग मिळणं कठीण झालंय ही तक्रारही होती. त्यामुळे ‘जुनं तेच चांगलं’ म्हणायला हे उदाहरण घेऊ नका.

नवा वेगवान प्रोसेसर घातला तर विमान आणखी चांगलं उडणार नाही का?

रडारचं चित्र, लक्ष्य ओळखणं, नकाशे यासाठी वेगवान प्रोसेसर हवाच आणि तिथे तो घालतातही. उड्डाण-नियंत्रणाची गोष्ट निराळी आहे.

तेजससारखं विमान मुद्दाम अस्थिर बनवलेलं असतं, म्हणजे ते चटकन वळतं. ते सरळ ठेवण्याचं काम संगणक करतो. पायलटने दांडा हलवला की संगणक पंखांवरच्या पृष्ठभागांना हुकूम देतो, आणि दांडा हलवला नसेल तरी सेकंदाला कित्येक वेळा बारीक दुरुस्त्या करत राहतो. त्यासाठी एकच काम करणाऱ्या चार समांतर वाहिन्या असतात, एखादी बिघडली तर बाकीच्या तिला बाजूला सारतात. इथे प्रत्येक फेरीचं उत्तर ठरलेल्या वेळेत यायलाच हवं. सरासरी वेळेला इथे काही किंमत नाही, सगळ्यात वाईट प्रसंगी किती वेळ लागेल तो आकडा लागतो. आजचे प्रोसेसर सरासरीवर वेगवान असतात. पुढचा आदेश कोणता येईल याचा ते अंदाज बांधतात, मेमरीतला माल जवळच्या साठ्यात आणून ठेवतात, चार-आठ कोर एकाच मेमरीवर तुटून पडतात. अंदाज बरोबर निघाला तर काम झटक्यात होतं, चुकला तर वेळ लागतो. तो जास्तीत जास्त किती, हे कागदावर सिद्ध करणं फार अवघड जातं. जुन्या, साध्या प्रोसेसरचं गणित वहीत मांडता येतं.

विमानातल्या उपकरणांना जोडणाऱ्या तारांचंही असंच आहे. मिल-स्टँडर्ड-१५५३ हे मानक १९७३ चं, त्याची बी आवृत्ती १९७८ ची. वेग सेकंदाला एक मेगाबिट. घरच्या वायफायपुढे हा आकडा सांगितला की वर्ग हसतो. पण एफ-१६ पासून तेजसपर्यंत हेच मानक आहे. त्याची पद्धत वर्गातल्या हजेरीसारखी आहे: मुख्य नियंत्रक एकेकाचा नंबर पुकारतो, ज्याचा नंबर त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. एका तारेवर जास्तीत जास्त ३१ उपकरणं. पुकारा झाल्यावर १२ मायक्रोसेकंदांच्या आत उत्तर सुरू झालंच पाहिजे. प्रत्येक शब्द २० बिटांचा, त्यात माहिती १६ बिट, तीन बिटांएवढा वेळ सुरुवातीच्या खुणेचा आणि एक बिट तपासणीचा. एक तार तुटली तर दुसरी तयार असते. कुठला संदेश कोणत्या क्षणी तारेवर असेल याचं वेळापत्रक अभियंता आधीच लिहून ठेवू शकतो. दोन उपकरणं एकाच वेळी बोलली आणि संदेशांची टक्कर झाली, असं इथे होत नाही.

मग नवी चिप आली की जुनी काढून ती बसवायची, यात एवढं काय आहे?

चिप बसवणं एका दुपारचं काम आहे. ती बसवल्यावर विमान उडायला लायक आहे हे पुन्हा सिद्ध करायला वर्षं जातात.

आपल्याकडे लष्करी विमानांच्या उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र बंगळुरूची सेमिलॅक ही संस्था देते. उपकरणं उष्णता, थंडी, धक्के, कंपनं, आर्द्रता, बुरशी अशा चाचण्यांतून जातात. त्यासाठी तिन्ही दलांचं सामायिक मानक आहे, जेएसएस ५५५५५. सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८ हे मानक जगभर वापरलं जातं. त्याची सी आवृत्ती २०११ ची. ज्या चुकीने विमान पडू शकतं ते सॉफ्टवेअर ‘ए’ पातळीचं. तिथे ‘जर हे आणि ते, किंवा तिसरं’ अशी एक अट असेल तर तिच्यातला प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे निकाल बदलतो हे चाचणीने दाखवावं लागतं. कोडची प्रत्येक ओळ कुठल्या गरजेसाठी लिहिली ते मागे माग काढत सांगता आलं पाहिजे. चिप बदलली की कंपायलर, म्हणजे कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, बदलतो, वेळेचं गणित बदलतं आणि यातलं बरंचसं परत करावं लागतं.

‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे नक्की काय? मोबाईलच्या खोक्यावर पण लिहिलेलं असतं.

चिपच्या बाबतीत सगळ्यात सोपी ओळख तापमानाची. साध्या बाजारू चिपची हमी ० ते ७० अंश सेल्सियस, कारखान्यात वापरायच्या चिपची उणे ४० ते ८५, आणि लष्करी चिपची उणे ५५ ते १२५.

७० अंश ऐकायला भरपूर वाटतं. पण आपला मे महिना आठवा. सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. आता तसाच पत्रा चिलखती गाडीचा समजा, आत बंद डब्यात उपकरण, डब्याला पंखा नाही कारण धूळ आत जाते, आणि चिप स्वतःची उष्णता वर टाकते आहे. ७० ची मर्यादा बघता बघता ओलांडली जाते. तेच उपकरण उद्या सियाचिनला जाऊ शकतं. म्हणून दोन्ही टोकं लागतात.

सोल्डरचाही, म्हणजे चिपचे पाय बोर्डाला जोडणाऱ्या मिश्रधातूचाही यात भाग आहे. युरोपात १ जुलै २००६ पासून ग्राहकांच्या वस्तूंमध्ये शिसं जवळजवळ बंद झालं, लष्करी उपकरणांना मात्र त्यातून वगळलं. शुद्ध कथलाच्या थरावर काळ जाईल तसे केसासारखे बारीक धातूचे तंतू उगवतात आणि शेजारच्या पायाला चिकटून शॉर्ट करतात. थोडं शिसं मिसळलं की हे बरंच आटोक्यात राहतं. आमच्या लॅबमधलं ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं असलेलं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि छान चमकदार टाका देतं. त्याच्यावर लष्कराची भिस्त अजून आहे ती या तंतूंमुळे.

मोबाईलच्या खोक्यावरचं मिल-स्टँडर्ड-८१० म्हणजे चाचण्या कशा घ्यायच्या याची पुस्तिका आहे. त्यातल्या कुठल्या चाचण्या घेतल्या हे कंपनीच ठरवते. तो शब्द वाचून जास्तीचे पैसे मोजू नका.

जुन्या चिपांना किरणोत्सर्ग कमी बाधतो म्हणतात. खरं का?

बऱ्याच अंशी. आतला ट्रान्झिस्टर जितका मोठा तितका एका बिटसाठी साठवलेला विद्युतभार जास्त, त्यामुळे अवकाशातून आलेला एखादा कण आदळून शून्याचा एक होण्याची शक्यता कमी. पण नुसत्या आकाराने भागत नाही, चिप त्यासाठी वेगळी रचावी लागते.

मंगळावर २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटीत आणि २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हरन्समध्ये रॅड७५० हा प्रोसेसर आहे. त्याचं मूळ १९९७ च्या पॉवरपीसी ७५० मध्ये, जो ॲपलच्या रंगीत आयमॅकमध्ये होता. वेग जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झ. आपल्याकडे इस्रोच्या प्रक्षेपकांत २००९ पासून विक्रम १६०१ हा सोळा बिटांचा प्रोसेसर वापरतात, आणि त्याची बत्तीस बिटांची पुढची पिढी, विक्रम ३२०१, मार्च २०२५ मध्ये इस्रोच्या हाती आली. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्रावर ती बनते. १८० नॅनोमीटर म्हणजे १९९९ च्या पेंटियम थ्रीचा काळ. यावरून सोशल मीडियावर चेष्टा झाली तेव्हा मला वाईट वाटलं. चिप उणे ५५ ते १२५ अंशांत चालते, प्रक्षेपकाला लागते तेवढं गणित करते, आणि आपल्याच देशात बनते. १९९८ च्या मे महिन्यातल्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले तेव्हा तेजसच्या उड्डाण-नियंत्रणावर तिथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत यावं लागलं होतं. स्वतःच्या हातात असलेली चिप किती मोलाची हे तेव्हा काम केलेल्यांना विचारावं.

घाईने नवं घातल्यामुळे लष्कराचं कधी बिनसलंय का?

हो, आणि उदाहरणं नोंदवलेली आहेत.

सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेची यॉर्कटाउन ही युद्धनौका व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ अडीच तासांहून जास्त वेळ पाण्यात नुसती उभी राहिली. विंडोज एनटीवर चालणाऱ्या नव्या यंत्रणेत कुणीतरी एका रकान्यात शून्य भरलं, प्रोग्रामने त्या शून्याने भागाकार केला, आणि बिघाड जाळ्यातून पसरत इंजिनाच्या नियंत्रणापर्यंत गेला. फेब्रुवारी २००७ मध्ये एफ-२२ ही त्या काळातली सर्वांत आधुनिक विमानं हवाईहून जपानकडे निघाली होती. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना, म्हणजे रेखांश १८० अंशांवर उलटताना, त्यांच्या संगणकांनी दगा दिला. सोबतच्या इंधनवाहू विमानांच्या मागे मागे ती परतली. हवा स्वच्छ होती म्हणून निभावलं.

तिसरं उदाहरण माणसाच्या हाताशी येतं. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकेच्या जॉन एस. मॅकेन या विनाशिकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली, दहा नौसैनिक गेले. इंजिनाचा वेग टचस्क्रीनवरून एका टेबलाकडून दुसऱ्याकडे सोपवताना गोंधळ झाला, दोन्ही पंख्यांपैकी एकाचाच वेग कमी होतोय हे लगेच लक्षात आलं नाही. नंतर अमेरिकी नौदलाने हाताने ओढायचे दांडे पुन्हा बसवायचं ठरवलं. हाताला दांडा लागला की न बघता कळतं की वेग किती दिलाय. काचेच्या पडद्यावर ते कळत नाही.

म्हणजे जुनं ते विश्वासार्ह, असंच ना?

अजिबात नाही. इथे जरा थांबून बघायला हवं.

४ जून १९९६ ला युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटलं. त्यात दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन-४ मधून उचललेलं होतं, तिथे ते वर्षानुवर्षं बिनचूक चाललं होतं. नवं रॉकेट आडव्या दिशेने जास्त वेग घेत होतं. तो ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही, यंत्रणा बंद पडली. बदली यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही तशीच बंद पडली. आणि तो हिशोब उड्डाणानंतर एरियन-५ ला लागतच नव्हता, जुन्या रॉकेटच्या गरजेतून तो तसाच चालू राहिला होता.

दुसरं उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर सोडवून दाखवतो. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धहरान. इराकचं स्कड क्षेपणास्त्र आलं, ते पाडायला ठेवलेल्या पॅट्रियट यंत्रणेने ते पाडलंच नाही, आणि बराकीत २८ अमेरिकी सैनिक मेले.

पॅट्रियटचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होतं. सेकंद काढायला त्या संख्येला ०.१ ने गुणायचं. आता ०.१ द्विमान पद्धतीत लिहून बघा: ०.०००११००११००११… संपतच नाही, जसं आपल्या पद्धतीत एक भागिले तीन संपत नाही. जागा २४ बिटांची, तिथे कापावं लागलं. कापल्यामुळे चूक झाली सुमारे ०.०००००००९५ सेकंदांची, दर दशांशाला एकदा. नगण्य वाटते. पण ती यंत्रणा त्या दिवशी सुमारे १०० तास सलग चालू होती. १०० तासांत ३६ लाख दशांश. गुणाकार केला की ०.३४ सेकंद. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने येतं, म्हणजे यंत्रणा त्याला अर्ध्या किलोमीटरहून जास्त बाजूला शोधत होती. तिथे आकाश रिकामं होतं, म्हणून तिने लक्ष्य नाहीच असं ठरवलं.

यातली गोम पुढे आहे. दोन वेळांतला फरक काढायचा असतो, तर दोन्ही वेळांत सारखीच चूक असती तर ती वजाबाकीत उडून गेली असती. पण मधल्या काळात वेळ जास्त अचूक काढणारी दुरुस्ती कोडमध्ये काही ठिकाणी घातली गेली आणि काही ठिकाणी राहून गेली. एक वेळ नव्या रीतीने, दुसरी जुन्या रीतीने. मूळ यंत्रणा सोव्हिएत विमानांसाठी, थोडे तास चालवून जागा बदलायची अशा वापरासाठी आखलेली होती. इस्रायलने दोन आठवडे आधी कळवलं होतं की आठ तास सलग चालवली तरी फरक दिसतो. दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोहोचलं २६ फेब्रुवारीला.

पारखलेलं तंत्रज्ञान जिथे पारखलं तिथल्याच परिस्थितीपुरतं पारखलेलं असतं. वेग वाढला, तास वाढले, शत्रू बदलला की पारख पुन्हा करावी लागते.

जुन्या चिपा बनणं बंद झाल्यावर सुटे भाग येतात कुठून?

कंपनी उत्पादन थांबवण्याआधी नोटीस देते, तेव्हा पुढच्या वीस वर्षांचा अंदाज करून एकदाच मोठी खरेदी करतात आणि कोरड्या नायट्रोजनमध्ये माल साठवतात. काही कंपन्या जुन्या चिपांचे हक्क घेऊन त्याच बनवत राहतात. काही वेळा जुना प्रोसेसर एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येते अशा चिपवर, जशाच्या तसा उभा करतात, म्हणजे जुनं सॉफ्टवेअर न बदलता चालतं.

अंदाज चुकला की माल दलालांकडून घ्यावा लागतो आणि तिथे नकली शिरतात. २०१२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने संरक्षण पुरवठ्यात संशयित नकली भागांची सुमारे १,८०० प्रकरणं मांडली. पद्धत ठरलेली: ई-कचऱ्यातल्या बोर्डांवरून चिप तापवून काढायची, वरची छपाई घासून टाकायची, काळा थर द्यायचा आणि नवा नंबर छापायचा.

प्रोजेक्टसाठी ऑनलाइन मागवलेल्या मालात आमच्याकडे असल्या चिपा येतात, त्या मी जपून ठेवतो. भिंगाखाली धरल्या की बरंच दिसतं. वरचा पृष्ठभाग बाजूंपेक्षा वेगळ्या पोताचा. पहिला पाय दाखवणारा गोल खळगा अर्धवट बुजलेला. पायांना जुन्या कथलाचे डाग. एकाच पाकिटातल्या सगळ्यांवर एकच तारीख, पण खाली देशाचं नाव वेगवेगळं. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवला की कधी कधी काळा रंग कापसावर उतरतो आणि खाली घासल्याच्या समांतर रेघा दिसतात. प्रत्येक विद्यार्थ्याने हे एकदा स्वतःच्या हाताने करावं असा माझा आग्रह असतो.

जुन्या यंत्रणा हॅक होत नाहीत, हे बरोबर का?

जाळ्याशी जोडलेल्या नसतात म्हणून अवघड जातं, एवढंच. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने दाखवून दिलं की पेनड्राइव्हमधून बंद जाळ्यातही शिरता येतं. आणि कार्यालयातले साधे पीसी जुने ठेवणं तर निव्वळ धोक्याचं. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, तरी २०१५ मध्ये अमेरिकी नौदलाला तो पुढे मिळवण्यासाठी नव्वद लाख डॉलरहून जास्त रकमेचा करार करावा लागला. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये विंडोजऐवजी उबंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली बसवायला घेतली, ती याच चिंतेतून.

आपल्या हवाई दलातही सगळं जुनंच आहे का?

मिसळ आहे. मिग-२१ १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. पण शेवटच्या बायसन आवृत्तीत रडार, पडदे आणि क्षेपणास्त्रं वेगळी होती. जॅग्वार १९७९ पासून आहे, त्याची दिशादर्शन आणि हल्ल्याची यंत्रणा एकाहून जास्त वेळा नव्याने केली गेली. सांगाडा टिकतो, आतली उपकरणं बदलतात. शहाणी रचना ती, जिच्यात उड्डाण-नियंत्रण वेगळं बंद ठेवलेलं असतं आणि रडार-पडद्यांचा भाग त्याला हात न लावता बदलता येतो.

हे जुनं-नवं एकत्र चालतं ठेवायचं काम मेंटेनन्स कमांडचं. ओझर, कानपूर, चंदीगड, सुलूर इथल्या दुरुस्ती डेपोंची सूत्रं आपल्या नागपुरात आहेत, हे इथल्याच मुलांना माहीत नसतं.

पूर्वीपासून लष्कर असंच मागे होतं का?

उलट. १९६० च्या दशकात इंटिग्रेटेड सर्किट महाग होती, तेव्हा अमेरिकेच्या मिनटमन-२ क्षेपणास्त्राने आणि अपोलो यानाने ती हजारोंनी विकत घेतली, म्हणून ती स्वस्त झाली. पुढे घरगुती बाजार इतका मोठा झाला की चिप कंपन्यांना लष्कर छोटं गिऱ्हाईक वाटू लागलं. १९९४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी आदेश काढला की शक्य तिथे बाजारात मिळणारी वस्तू घ्या, लष्करी मानक लागतंच असेल तरच मागा.

ड्रोनमध्ये तर नवंच वापरतात ना?

हो. आयुष्य काही मिनिटांचं असेल तर वीस वर्षांचा विचार करायचं कारण नाही. युक्रेनच्या युद्धात बाजारातल्या सुट्या भागांचे ड्रोन दोन्ही बाजूंनी वापरले आणि त्यांचं सॉफ्टवेअर भराभर बदलत राहिलं. आपल्या नागपूरच्या सोलर समूहाचं नागास्त्र-१ हे लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारं अस्त्र आहे, मोहीम रद्द झाली तर पॅराशूटने परत येतं. अशा कामाची मोजपट्टी लढाऊ विमानापेक्षा वेगळी असणार.

मग जुन्या यंत्रणेचा खरा धोका कोणता?

माझ्या मते माणसं निवृत्त होणं. चिप साठवता येते. पण अमुक बोर्ड थंडीत सुरू होत नसेल तर आधी कुठल्या कनेक्टरवर संशय घ्यायचा, हे तीस वर्षं त्यावर हात घातलेल्या तंत्रज्ञालाच माहीत असतं. अमेरिकेत जोव्हियल नावाच्या जुन्या लष्करी भाषेत लिहिलेलं कोड आहे, ती शिकवणारं कॉलेज सापडणार नाही. कोड असतं, ते तयार करणारा कंपायलर चालवायला जुना संगणक नसतो. चाचणीचं यंत्र असतं, त्याची वायरिंग एका वहीत असते आणि वही कुणाच्या तरी घरी. यावर खर्च करायला कुणी नाही म्हणत नाही, पण यादीत ते कायम शेवटी राहतं. ज्यांचे बाबा किंवा मामा या कामात होते त्यांना मी सांगतो: गुप्त काही विचारू नका, पण दोष शोधायची पद्धत विचारा. ती कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

या क्षेत्रात जायचं तर काय शिकावं?

सी ही प्रोग्रामिंगची भाषा नीट शिका, ॲडा या दुसऱ्या भाषेची तोंडओळख करून घ्या. ॲडाचं मानक १९८३ चं असलं तरी विमानांत आणि रेल्वे सिग्नलमध्ये ती आजही आहे. अभ्यासक्रमातल्या ८०८५ प्रोसेसरला जुना म्हणून नावं ठेवू नका, त्याच्यावर कुठला आदेश किती घड्याळ-ठोक्यांत होतो हे हाताने मोजता येतं आणि वेळेच्या गणिताची सवय तिथेच लागते. डेटाशीट शेवटपर्यंत वाचा, विशेषतः चुकांची पुरवणी. चाचणी लिहिणं हे कोड लिहिण्याइतकंच मोठं काम समजा, मुलाखतीत त्यावरच जास्त विचारतात. सुरुवात आज रात्री घरच्या पीसीवर करा: पायथॉनमध्ये ०.१ हा आकडा + चिन्हाने एकेक करून दहा वेळा मिळवा, उत्तर १ शी बरोबर आहे का ते संगणकाला विचारा, आणि तो ‘नाही’ का म्हणतो हे वहीत बिट मांडून शोधा.